वाफेचा हिशेब : ऊर्जाबचत कळते, पण वळत का नाही?



कारखान्याचा वार्षिक अहवाल हातात पडला की आपण सगळे आधी दोन आकडे शोधतो. गाळप किती झाले आणि उतारा किती पडला. त्यानंतर दर. हे बरोबरच आहे, कारण आपला प्रपंच या आकड्यांवर चालतो. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा असतो, किंवा असायला पाहिजे. एक टन ऊस गाळायला किती वाफ लागली, हा तो आकडा. त्यावर सभेत कोणी उठून बोलल्याचे फारसे ऐकिवात नाही. या पाठात आपण तोच आकडा समजून घेऊ. तो कमी करता येतो हे जगाला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. मग तो कमी करताना अडते कुठे, हा आजचा मुख्य विषय. विषय इंजिनिअरांचा वाटला तरी पैसा आपल्या उसाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१. एका टनाचा ताळेबंद

एक टन, म्हणजे १,००० किलो ऊस गव्हाणीत पडला. त्यात साधारण ७०० किलो पाणी असते. तंतू, म्हणजे चोथा, १३० ते १५० किलो. बाकी साखर व इतर विरघळलेले पदार्थ. गिरण्यांतून रस निघाला की मागे सुमारे २८० किलो बगॅस उरतो. त्याला आपण चिपाडाचा भुसा म्हणू. पण तो कोरडा नसतो, त्यात निम्मे पाणीच असते.

हा बगॅस बॉयलरमध्ये जळतो. एक किलो बगॅसवर साधारण २.२ किलो वाफ होते असे धरू. म्हणजे २८० किलोवर ६१६ किलो वाफ. आता खर्चाची बाजू पाहा. जुन्या पद्धतीच्या कारखान्याला टनामागे ५०० किलो, काही ठिकाणी ५५० किलो वाफ लागते. यालाच ‘उसावर ५० टक्के वाफ’ म्हणतात. चांगली सुधारणा केलेले कारखाने ३५ ते ४० टक्क्यांत काम भागवतात.

एक सोपे गणित मांडू. यातले भाव आणि खर्च समजुतीसाठी धरलेले आहेत. कोणत्याही एका कारखान्याचे ते आकडे नव्हेत. समजा, रोजी ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याने वाफेचा खर्च ५० टक्क्यांवरून ४२ वर आणला. टनामागे ८० किलो वाफ वाचली, म्हणजे सुमारे ३६ किलो बगॅस वाचला. हंगाम १२० दिवस चालला तर गाळप ६ लाख टन आणि वाचलेला बगॅस २१,६०० टन. बगॅसचा भाव टनाला २,००० रुपये धरला तर ४ कोटी ३२ लाख रुपये झाले. हेच गाळलेल्या उसावर वाटले तर टनामागे ७२ रुपये पडतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याचे हे ७,२०० रुपये होतात. एका वर्षाचे, आणि ऊस न वाढवता.

आता कोणी म्हणेल, इतके सोपे आहे तर सगळ्यांनी केव्हाच केले असते. तेच तर पाहायचे आहे.

२. वाफ वाचते कशी?

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावायला गुऱ्हाळ पुरे आहे. गुऱ्हाळात चुलवाणावर काहील असते, रस उकळतो, पाण्याची वाफ आभाळात जाते. ती वाफ गेली ती गेली. म्हणून जळण फार लागते. चिपाड उन्हात वाळवून घ्यावे लागते, आणि हात आखडता घेऊन जाळले तरच पुरते. गुळव्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

कारखान्यात हीच उधळण थांबवायची युक्ती सापडली ती १८४० च्या दशकात, अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात. नॉर्बर्ट रिल्यू नावाचा इंजिनिअर होता, गोऱ्या बापाचा आणि कृष्णवर्णीय आईचा मुलगा. उसाच्या मळ्यांवर तेव्हा उघड्या कढया एकापुढे एक मांडून रस आटवत. त्याने पात्रे बंद केली. पहिल्या पात्रातल्या रसाची जी वाफ निघते, तिच्यावर दुसरे पात्र उकळवायचे. दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे. पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी ठेवला की रस कमी उष्णतेवरही उकळतो. आजच्या कारखान्यातला चार-पाच पात्रांचा इव्हॅपोरेटर म्हणजे हीच युक्ती.

हिशेब पाहा. १,००० किलो रसाची घनता १५ ब्रिक्सवरून ६० वर न्यायची तर ७५० किलो पाणी उडवावे लागते. एकाच पात्रात केले तर जवळजवळ तेवढीच वाफ खर्ची पडते. पाच पात्रांत केले तर ढोबळमानाने तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे १५० किलो. बाकीची वाफ रस तापवायला आणि पॅनमध्ये साखर शिजवायला लागते. तिथेही ताजी वाफ न देता इव्हॅपोरेटरच्या मधल्या पात्रांतली वाफ वळवून घेता येते. सुधारलेले कारखाने मुख्यतः हेच करतात.

याशिवाय लहानसहान वाटणाऱ्या पण हमखास बचतीच्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, गरम पाणी परत आणणे. वाफ थिजून जे पाणी होते ते स्वच्छ आणि तापलेले असते. ते बॉयलरला परत दिले तर जळण वाचते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची उष्णता ६ अंशांनी वाढली की जळणात सुमारे १ टक्का बचत होते, असा इंजिनिअरांचा जुना ठोकताळा आहे.

दुसरी गोष्ट, नळ्यांचे वेष्टण, म्हणजे लॅगिंग. उघड्या नळीजवळ उभे राहिले की अंगाला जी धग लागते, तो आपलाच बगॅस जळत असतो.

तिसरी गोष्ट, बगॅसचा ओलावा. ५० टक्के ओलाव्याचा एक किलो बगॅस साधारण १,८३० किलोकॅलरी उपयोगी उष्णता देतो. ओलावा ४८ वर आला तर साधारण १,९२५, म्हणजे किलोमागे पाच टक्के जास्त. मात्र इथे फसायचे नाही. पाणी घटले की बगॅसचे वजनही घटते, त्यामुळे पाचच्या पाच टक्के पदरात पडत नाहीत. पण भट्टी नीट पेटते आणि वाफेचा दाब टिकतो, हा मोठा फायदा असतो.

चौथी गोष्ट, गिरण्या फिरवणारी छोटी जुनी टर्बाइने. ती वाफ फार खातात. त्यांच्या जागी विजेच्या मोटारी बसवून वीज एकाच मोठ्या टर्बाइनवर केली तर तेवढ्याच वाफेत जास्त काम होते.

यात गुप्त असे काही नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट निघाली, पुढे तिला वसंतदादांचे नाव दिले गेले. कानपूरची राष्ट्रीय संस्था तर १९३६ पासूनची आहे. शास्त्र घरात आहे. अडचण दुसरीकडे आहे.

३. मग अडते कुठे?

(अ) फुकटच्या जळणाची सवय. साखर उद्योगाची घडणच अशी झाली की बगॅस हा माल नव्हता, ती एक अडगळ होती. हंगाम संपताना तो उरला तर ठेवायचा कुठे, आग लागली तर काय, ही काळजी असायची. म्हणून पूर्वीचे बॉयलर आणि यंत्रे अशी आखत की सगळा बगॅस जळून जावा. सांगायचे म्हणजे, जळण वाया जाणे ही त्या काळी चूक नव्हती, ती सोय होती. पुढे कागद गिरण्या बगॅस मागू लागल्या, वीज विकता येऊ लागली, आणि अडगळीला भाव आला. यंत्रे मात्र जुन्या विचारावर बेतलेली राहिली. ज्याला दाम मोजावा लागत नाही त्याची मोजदाद कोण ठेवतो? कोळसा विकत घेणाऱ्या कारखानदाराला दर महिन्याला बिल येते. बगॅसचे बिल येत नाही.

(आ) मोजमाप नाही. उतारा आपण शंभराव्या हिश्शापर्यंत मोजतो. पण बॉयलर किती वाफ सोडतो, गिरण्यांना किती गेली, पॅनला किती, हे वेगवेगळे मोजणारी मीटरे अनेक ठिकाणी नसतात, असली तरी बंद असतात. दुधाच्या डेअरीत फॅट न लावता दर ठरवला तर आपण चालू देऊ का? मोजल्याशिवाय गळती दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गळतीसाठी संचालक मंडळ पैसे मंजूर करत नाही. पैसे नसल्यामुळे मीटरही येत नाही. असा हा फेरा आहे.

(इ) हंगामाची अडचण. सूतगिरणी बारा महिने चालते, आपला कारखाना चार-पाच महिने. बसवलेले यंत्र उरलेला काळ उभेच असते. वरच्या उदाहरणात सुधारणेला १२ कोटी रुपये लागले असे समजा. हंगाम १२० दिवसांचा असला तर व्याज सोडून पावणेतीन वर्षांत पैसे फिटतात. तोच हंगाम ९० दिवसांवर आला तर वर्षाची बचत ३ कोटी २४ लाखांवर येते आणि फेडीला पावणेचार वर्षे लागतात. वर व्याज आहेच. आणि हंगाम किती दिवस चालणार हे कोणाच्या हातात आहे? महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये सुमारे १३७ लाख टन साखर झाली, पुढच्याच वर्षी १०५ लाख टन, आणि २०२४-२५ मध्ये ती ८० लाख टनांच्या आसपास आली. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस पाण्यात उभा होता, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. अशा चढउतारात कर्ज काढून यंत्र बसवायला कोणाचाही हात थरथरतो. हा भित्रेपणा नव्हे, हा खरा धोका आहे.

(ई) थांबण्याची भीती. चीफ इंजिनिअरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याने हंगामात नवी जोडणी करून पाहिली आणि गिरणी आठ तास बंद पडली, तर ओढा आणि गव्हाणीसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, ऊस वाळतो, आणि सगळा गाव त्याला विचारतो. त्याच माणसाने दोन टक्के वाफ वाचवली तर त्याचे नाव कोणी घेत नाही. चुकीला शिक्षा आणि बचतीला शाबासकी नाही, अशी रीत असली की शहाणा माणूस जुने तेच चालू ठेवतो. उन्हाळ्यात दुरुस्तीच्या काळात करावे, तर तेव्हा वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा, आणि आधी मोडलेले जोडायचे असते.

(उ) डोळ्यांत भरणारे काम आणि न दिसणारे काम. नवी डिस्टिलरी उभी राहिली की कोनशिला बसते, पाहुणे येतात, नारळ फुटतो. नळ्यांना लॅगिंग केले म्हणून आजवर कोणी हार घातला आहे का? बँकांचेही तसेच आहे. मोठ्या प्रकल्पाचे कर्ज त्यांना समजते. तीस ठिकाणच्या तीस लहान दुरुस्त्यांचे कर्ज कशावर द्यायचे, हे त्यांना कळत नाही. केंद्राचा साखर विकास निधी १९८२ च्या कायद्याने उभा राहिला आणि त्यातून आधुनिकीकरणाला कमी व्याजाची कर्जे मिळत आली. पण जुनी थकबाकी असलेल्या कारखान्याला असे दार सहज उघडत नाही. म्हणजे ज्याला बचतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच पैसा सर्वांत महाग.

(ऊ) खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. पहिले वर्ष समजून घेण्यात जाते, शेवटचे निवडणुकीत. चार वर्षांनी फळ देणारे झाड लावायचे, आणि फळे दुसऱ्या पॅनेलने खायची, हा विचार मनात येणे माणसासारखेच आहे. कारखाना भाड्याने चालवायला दिलेला असेल तर आणखी बिकट. चालवणारा म्हणतो, करार संपत आला, मी का घालू? मालक म्हणतात, चालवतो तो, आम्ही का घालू? भाडेकरू छप्पर शाकारीत नाही आणि घरमालक पावसात राहत नाही, अशी गत.

(ए) भरवसा. यंत्र विकणारा येतो, कागदावर आकडे दाखवतो. खरे किती, विकण्यापुरते किती, हे ताडायला आपल्याकडे माणूस नसतो. एकदा फसगत झालेला कारखाना दहा वर्षे नव्याचे नाव काढत नाही.

या बाबतीत आपल्या मुलखाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार होईनात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तोच नांगर पुढे महाराष्ट्रभर गेला. यातून आम्ही काढतो तो धडा असा : शेतकरी अडाणी होता म्हणून नांगर पडून राहिला नाही. एका वर्षाचे पीक गेले तर त्याला सावरणारे कोणी नव्हते, म्हणून तो थांबला. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चाललेला पाहिल्यावर तो पुढे आला. कारखान्यांचेही तसेच आहे. भाषणाने पटत नाही, शेजारच्या कारखान्याचा तपासलेला हिशेब पाहिला की पटते.

(ऐ) बदलते धोरण. केंद्राने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा केला, २००२ मध्ये त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. कायद्याच्या परिशिष्टात जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांत साखरेचे नाव आहे. पण २०१२ मध्ये उद्योगांना बचतीची ठरावीक उद्दिष्टे देणारी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीत जे आठ उद्योग घेतले त्यांत साखर नव्हती. आपण स्वतःचेच जळण वापरतो, कोळसा जाळत नाही, म्हणून आपल्याकडे सक्तीने पाहण्याची घाई कोणाला नव्हती. ही सूट वाटते खरी, पण ढकलणारा कोणी नसला की गाडी जागेवरच राहते.

४. सहवीज : गोड बाजू आणि कडू बाजू

बगॅस वाचला की त्याचे काय करायचे, याचे मोठे उत्तर म्हणजे सहवीज. जुना बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या दाबाचा असे. नवे बॉयलर ६७, ८७, ११० किलोचे आहेत. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज करते, आणि मग उरलेल्या दाबाने रस उकळायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामे. अशा कारखान्यात टनामागे शंभर युनिटांच्या आसपास आणि त्याहून जास्त वीज होऊ शकते. कारखान्याची स्वतःची गरज साधारण २५ ते ३० युनिटांची. बाकी विकायला मोकळी.

पण सहवीज प्रकल्प म्हणजे ऊर्जाबचत नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आत ५० टक्के वाफ खाणारी जुनी यंत्रे तशीच ठेवून बाहेर नवा बॉयलर उभा केला, तर विकायला वीज कमी उरते आणि कर्ज मात्र पूर्ण राहते. आधी गळकी घागर सांधावी, मग मोठी विहीर खणावी. अनेक ठिकाणी क्रम उलटा झाला, कारण विहीर खणायला कर्ज मिळते, घागर सांधायला मिळत नाही.

दुसरी कडू बाजू दराची. सुरुवातीला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या प्राधान्य दराने करार झाले. पुढे दर निविदेने ठरू लागले आणि खाली आले. ज्यांनी जुना दर धरून फेडीचे गणित मांडले होते त्यांची पंचाईत झाली. इथेनॉलचेही पाहा. २०१८ पासून बी-हेवी मळीच्या आणि रसाच्या इथेनॉलला वेगळे दर मिळाले, कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या. मग डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक बंधन आणले. डिस्टिलरीलाही वाफ लागते, तिच्यासाठी साठवलेला बगॅसही लागतो. धोरण असे फिरले की यंत्र तेच राहते, हिशेब बदलतो.

म्हणून आम्हाला असे वाटते की वाफेची बचत हीच सर्वांत भरवशाची गुंतवणूक आहे. विजेचा दर पडला तर वाचलेला बगॅस विकता येईल. बगॅसचा भाव पडला तर डिस्टिलरीला उपयोगी पडेल. काहीच नाही जमले तर पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बाहेरून जळण आणायला नको. दर कोणाच्याही हातात असो, गळती आपल्या हातात आहे.

५. सभासदाचा वाटा

आता आपल्याकडे वळू. बचतीतला वाटा आपल्याला मिळतो का, आणि बचतीत आपला वाटा काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. ऊसदर विनियमनाच्या २०१३ च्या राज्य कायद्याने असे धरले की साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के ऊस घालणाऱ्याचे. म्हणजे बगॅसच्या पैशावर ऊसकऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य झालेले आहे. जगातही याला दाखला आहे. मॉरिशस बेटावर १९५७ मध्येच साखर कारखान्याची वीज सार्वजनिक जाळ्यात जाऊ लागली. तेथे १९८० च्या दशकात बगॅसच्या मोबदल्याचा एक निधी उभारला गेला आणि वीज होणाऱ्या बगॅसचा पैसा लहान ऊसकऱ्यापर्यंत पोहोचवला गेला. वाटा दिसला की माणूस बचतीकडे लक्ष देतो. आपल्या सभेत वाफेवर कोणी बोलत नाही त्याचे एक कारण हेच, की बचत झाली तर ती बिलाच्या कोणत्या ओळीत दिसेल हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बांधावर आहे. बॉयलर ही चूल नव्हे, की ऊस आला नाही म्हणून विझवून ठेवली. ‘ऊस नाही’ म्हणून गिरणी तासभर थांबली तरी वाफ धरून ठेवावी लागते, जळण जळतच राहते. तोडीचा कार्यक्रम मोडून, वशिल्याने आधी तोड घेतली की कुठेतरी दोन दिवस गर्दी आणि तिसऱ्या दिवशी टंचाई होते. या चढउतारात वाफ सर्वांत जास्त वाया जाते.

उसाबरोबर येणारी माती बॉयलरच्या जाळीवर राख होऊन बसते आणि गिरणीचे रोलर झिजवते. पाचट आले तर तेही जळते, मग बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. बिघडते असे, की पाचट जाताना आपल्या अंगात रस शोषून घेऊन जाते. जळण थोडे वाढले पण साखर चुलीत गेली. त्यापेक्षा ते शेतात कुजले तर जमिनीचे भले होते. शिळ्या उसाचेही तसेच. त्याचा रस नीट शिजत नाही, पॅनला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे वाफ.

६. सभेत विचारायचे प्रश्न

औंध संस्थानने १९३९ मध्ये नवी राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला, तेव्हा कुंडल, आटपाडी, औंधच्या साध्या शेतकऱ्यांनी गावचा कारभार हाती घेतला होता. हिशेब विचारणे आपल्या मुलखाला नवे नाही. विचारताना आवाज चढवण्याची गरज नाही, आकडा मागावा. वार्षिक सभेच्या आधी लेखी देता येतील असे हे प्रश्न :

१) गेल्या तीन हंगामांत उसावर वाफेचे प्रमाण किती टक्के होते? ते मोजले की अंदाजाने लिहिले?

२) टनामागे कारखान्याने स्वतः किती युनिट वीज वापरली?

३) हंगामात गिरणी एकूण किती तास थांबली? त्यांतले उसाअभावी किती, यंत्र बिघाडाने किती?

४) बगॅस किती झाला, किती जळला, किती विकला, किती शिल्लक? बाहेरून जळण आणले का?

५) ऊर्जेची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी शेवटची केव्हा झाली? तिच्यातल्या किती सूचना अमलात आल्या, राहिलेल्या का राहिल्या?

६) वाफेची बचत झाली तर त्यातला ठरावीक हिस्सा ऊसदरात आणि ठरावीक हिस्सा ती करणाऱ्या कामगार-इंजिनिअरांना, असा ठराव करता येईल का?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या अडचणींतल्या बऱ्याच यंत्राच्या नाहीत, माणसांच्या मांडणीच्या आहेत. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, ही गाठ सुटली तर पुढच्या गाठी सैल होतात. आणि ही गाठ सोडवण्याचा अधिकार सहकारी कारखान्यात कोणा बाहेरच्या मालकाला नाही, सर्वसाधारण सभेला आहे.

सुरुवात मोठ्या कर्जाने करावी असे आमचे म्हणणे नाही. पहिल्या वर्षी मीटर बसवा, नळ्यांना वेष्टण करा, गरम पाणी परत आणा. दुसऱ्या वर्षी त्याचा तपासलेला हिशेब सभेपुढे ठेवा. त्या बचतीच्या पैशातून तिसऱ्या वर्षी रसाच्या हीटरांची आणि इव्हॅपोरेटरची जोडणी सुधारा. कर्ज काढायचेच तर मग काढा, तेव्हा हातात आपलाच आकडा असेल, विकणाऱ्याचा नसेल.

सारांश

टन उसामागे ८० किलो वाफ वाचली तर सुमारे ३६ किलो बगॅस वाचतो. शास्त्र जुने आणि घरातलेच आहे. आड येतात त्या गोष्टी अशा : जळणाची किंमत न धरणे, मोजमाप नसणे, छोटा आणि बेभरवशाचा हंगाम, थांबण्याची भीती, न दिसणाऱ्या कामाला पैसा न मिळणे, लाभ भलत्याच्या पदरी पडणे, विकणाऱ्यावर भरवसा नसणे आणि धोरणाचे फिरणे. यांतल्या हंगाम आणि धोरण या दोन गोष्टी आपल्या हाताबाहेरच्या आहेत. बाकीच्या आपल्या सभेच्या, मंडळाच्या आणि बांधाच्या आवाक्यातल्या आहेत.

उजळणीसाठी

आपल्या घरी गेल्या हंगामात किती टन ऊस गेला ते आठवा. त्याला ३६ ने गुणा, म्हणजे किलो बगॅस निघेल. बाजारात बगॅसचा आजचा भाव विचारून घ्या आणि गुणाकार पुरा करा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून सभेला येताना बरोबर आणा.